आगाऊ फेडलेला नवस

सेवेरीनोची कवळी रात्री पाण्याच्या ग्लासात पडायची आणि चांगलं ऊन वर येईपर्यंत तिथंच राहायची. पुंता सेकाच्या किनाऱ्यावर पहाटे त्याला दातांसकट पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. कपभर कॉफी पोटात ढकलून तो मागच्या दारानं बाहेर पडायचा आणि त्याची बायको सेनाइदा आतून ओरडायची, "अरे म्हाताऱ्या, दात विसरलास!"

"पक्ष्यांना काय चावायचंय का मला?" तो मागं न वळता म्हणायचा.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, की एकमेकांची विचारपूस त्यांनी कधीच सोडून दिली होती. रोज सकाळी हे एवढं बोलणं झालं, की दोघांनाही कळायचं, दुसरं माणूस ठीक आहे.

धंद्यानं सेवेरीनो होड्यांच्या फटी बुजवणारा. लाकडी होडीच्या फळ्यांमधल्या फटींत कापसाच्या वाती ठोकायच्या आणि वरून गरम डांबर ओढायचं, हे काम त्यानं जन्मभर केलं. आमच्या गावात अशी होडी नव्हती जिच्या पोटाखाली तो उताणा झोपला नव्हता. त्यानं बुजवलेली फट पुन्हा उघडत नाही, असं लोक म्हणायचे आणि तो लाजायचा, कारण त्याला स्वतःला तेवढी खात्री कधीच नव्हती. पुढं गुडघे वाकेनासे झाले, लाकडी होड्याही कमी झाल्या. हातात उरले ते पक्षी.

एप्रिलमध्ये दक्षिणेकडून पक्षी येतात. अख्खं बेट ओलांडून ते आमच्या टोकावर येऊन थांबतात, कारण पुढं समुद्राशिवाय काही नाही. समुद्रद्राक्षाच्या झुडपांत, सुरूंच्या रांगेत, मिठागराकाठच्या गवतात दिवसभर पोट भरतात, आणि वारा पाठीमागून असला की अंधार पडता पडता उठून उत्तरेला चालू लागतात. त्यामुळे जाणारे कुणाला दिसत नाहीत. दिसते ती सकाळ. सकाळी टोकावर गेलं की कळतं, रात्री कोण गेलं, कोण राहिलं, कोण नवीन आलं. एखाद्या पहाटे झुडूप असं भरलेलं असतं की पान कुठलं आणि वटवट्या कुठला ते उडेपर्यंत समजत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच झुडपात वाऱ्याशिवाय कुणी नसतं. सेवेरीनोला त्या रिकाम्या सकाळी जास्त आवडायच्या. "गेली बरं का पोरं," असं तो घरी येऊन बायकोला सांगायचा, जणू वाटेचे डबे त्यानंच भरून दिले होते.

आता खरं सांगायचं तर पुंता सेकात नुसतं बघायला कुणी जात नाही. इथं पहाटे पक्षी बघायचे म्हणजे धरायचे. सापळ्याच्या पिंजऱ्याला मधोमध एक कप्पा, त्या कप्प्यात एक बोलावणारा पक्षी. तो गातो, वरून चाललेले त्याच्या आवाजाला भुलून खाली उतरतात, आणि बाजूची दारं फटाफट पडतात. ज्याचा बोलावणारा चांगला त्याची गावात मान ताठ. सेवेरीनोकडे कर्नल होता.

कर्नल म्हणजे मारिपोसा जातीचा नर. निळं डोकं, हिरवी पाठ, पोट लालभडक, आणि छाती अशी पुढं काढलेली की नाव दुसरं ठेवताच आलं नसतं. सेवेरीनोनं त्याला धरला तेव्हा तो नुसतं हिरवट पिल्लू होता. रंग त्याला घरात आले. पिंजऱ्यात या जातीचा लाल रंग विटतो. कर्नलचा विटला नाही, कारण सेनाइदा त्याला पपई आणि लाल मिरचीचं बी भरवायची. नवऱ्याच्या ताटात मिरची पडली नाही तरी चालेल, कर्नलची चुकायची नाही. दुपारी भात झाला की ती पातेल्याच्या बुडाची खरवड चमच्यानं खरडायला बसायची. तो खर्र खर्र आवाज ऐकला की कर्नल पिंजऱ्यात नाचू लागायचा आणि गळा फुटेस्तोवर गायचा. खरवडीचा पहिला तुकडा त्याचा. दुसरा सेवेरीनोचा, आणि तोही उरला तर.

कर्नल रुसला, गाईनासा झाला, की सेवेरीनो स्वतः त्याचं गाणं शीळ घालून वाजवायचा. आपलं गाणं दुसऱ्याच्या तोंडी ऐकून कर्नलचा तिळपापड व्हायचा आणि तो तावातावानं सुरू व्हायचा. पुढचे दात होते तोवर अख्ख्या किनाऱ्यावर सेवेरीनोसारखी शीळ कुणाची नव्हती. दात गेल्यावर निम्मी शीळ आणि निम्मी फुसफुस राहिली. कवळी घातली तर अजून जमायचं, पण कवळी त्याला टोचायची. तरी मधेमधे तो प्रयत्न करायचा आणि सेनाइदा स्वयंपाकघरातून हसून म्हणायची, "कुणाच्या सायकलची हवा गेली रे?"

मग सेनाइदाला धाप लागू लागली. आधी टोकापर्यंत चालताना, मग अंगणात, मग अंथरुणातच. मुलगी ओदालिस सांता क्लाराला राहते. तिनं आईला तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागं झिरपतं, उघडून दुरुस्त करावी लागेल. सेवेरीनो खुर्चीच्या कडेला बसून सगळं ऐकत होता आणि त्याला एवढंच समजलं, की बायकोला फट पडलीय आणि ती त्याला बुजवता येणार नाही. बसनं घरी येताना तो आपल्या हातांकडे बघत होता. जन्मभर दुसऱ्यांच्या होड्या तारल्या त्या हातांनी, आणि आता मांडीवर नुसते पडून होते.

त्या संध्याकाळी कपाटावरच्या कारिदादमातेच्या, आमच्या कुमारी मातेच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावून तो नवस बोलला. सेनाइदा जगू दे, माझ्याकडची सगळ्यात मोलाची चीज मी सोडून देईन. मातेला चीज कुठली ते सांगायची गरज नव्हती. अंगणात ती गात होती.

इथवर ठीक होतं. असे नवस आमच्याकडे घरोघर बोलले जातात. भानगड झाली ती तारखेची. ऑपरेशन ठरलं मे महिन्याच्या मध्यावर, आणि तोवर पक्षी निघून गेलेले असतात. मागाहून एकटा सोडलेला पक्षी जाणार कुणाबरोबर आणि कसा? नवस फेडायला पुढच्या एप्रिलपर्यंत थांबायचं, तर मातेनं तरी वर्षभर कशाला थांबावं? सेवेरीनोनं रात्रंदिवस डोकं खाजवलं आणि शेवटी ठरवलं, की नवस आगाऊ फेडायचा.

"आगाऊ?" शेजारचा माकारिओ म्हणाला. माकारिओ रोज त्याच्या शेजारीच सापळे लावायचा. दोस्तही होता आणि चढाओढही होती. "कोंपाय, दोस्ता, देवाला कुणी आगाऊ देतं का? एकदा पदरात पडल्यावर ती कशाला धावतेय तुझ्या कामाला? सुताराला आधी जेवायला घालून बघ, परत येतो का."

"ती काय सुतार आहे?"

"नवरा तर होता ना सुतार!"

सेवेरीनोनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि त्याच्याशी दिवसभर बोलला नाही.

घरी त्यानं सांगितलं ते सोडायच्या दिवशी, आणि तेही अंगणाकडे तोंड करून. सेनाइदा उशीला टेकून पपईच्या फोडी करत होती. सुरी थांबली.

"काय बोललास नवस?"

"माझ्याकडची सगळ्यात मोलाची चीज सोडीन म्हणून."

"तुझ्याकडची," ती म्हणाली. मग पपई पुढं कापू लागली. तो काही विचारेल म्हणून तिनं थोडी वाट पाहिली असावी. पण त्याला नवस फेडायची घाई होती.

दिवस कलताना त्यानं पिंजरा टोकावर नेला. झुडपांत मारिपोसांचा मोठा थवा होता, वारा दक्षिणेचा होता, सगळं जुळून आलं होतं. त्यानं दार उघडलं. कर्नल बाहेर आला, पिंजऱ्याच्या छतावर बसला, इकडंतिकडं पाहिलं आणि समुद्रद्राक्षाच्या झुडपात शिरला. अंधार पडेपर्यंत सेवेरीनो तिथं उभा राहिला. वरून बारीक बारीक हाका जाऊ लागल्या तेव्हा त्यानं टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे झुडपं रिकामी होती. निळा असुलेहो नाही, वटवट्या नाही, एक पक्षी नाही. सेवेरीनोचा जीव भांड्यात पडला. तो वळणार एवढ्यात अगदी वरच्या फांदीवरून कर्नलनं तान घेतली. अख्ख्या किनाऱ्यावर तो एकटा, छाती पुढं काढून, जसा काही सगळ्यांना निरोप देऊन आता घरी चाललाय.

आणि तो घरीच आला. दुपारी सेनाइदानं पातेलं खरडायला घेतलं तसा खिडकीतून आत येऊन तिच्या पलंगाच्या कठड्यावर बसला. तिनं खरवडीचा पहिला तुकडा पुढं केला.

"अगं, देऊ नकोस!" सेवेरीनो दारातून ओरडला.

"पाहुण्याला उपाशी पाठवू?"

"पाहुणा नाही तो, नवस आहे!"

"मग नवसाला भूक लागलीय," ती म्हणाली.

यानंतरचे दिवस कसे गेले ते सेवेरीनोलाच माहीत. रोज पहाटे तो जीव मुठीत धरून टोकावर जायचा. रात्री थवे गेलेले असायचे, नवे उतरलेले असायचे, आणि त्यांच्यात कर्नल असायचाच. आता त्याला हात लावायची सोय नव्हती. देवाला दिलेल्या वस्तूला परत हात लावायचा नाही, एवढं आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्याला धरून पिंजऱ्यात ठेवावं तर नवस मोडतो, न ठेवावं तर तो जात नाही. गावातल्या बायका विचारायच्या, "काय सेवेरीनो, मातेनं परत पाठवला का? पसंत नाही पडला?" तो हसायचा, आणि घरी येऊन कपाटावरच्या मूर्तीकडे बघायची त्याला हिंमत व्हायची नाही. घेणं बाकी राहिलेल्या माणसासमोरून जावं तसा तो मान खाली घालून त्या खोलीतून जायचा.

त्यात माकारिओची चंगळ झाली. कर्नलला जन्मभराची सवय. तो सापळ्यांच्या वरच्याच फांदीवर बसून गायचा, आणि त्याच्या आवाजाला वरून चाललेले थवे खाली येऊन थेट माकारिओच्या पिंजऱ्यांत पडायचे.

"तुझा कर्नल माझ्याकडे नोकरीला लागलाय बघ," माकारिओ म्हणाला. "खाणं तुझं, काम माझं. असा गडी मला मिळाला नव्हता आजवर."

"माकारिओ, सापळे उचल. पाया पडतो तुझ्या."

"तुझ्या नवसासाठी मी का उपास करू?"

सेवेरीनो मग झुडपासमोर उभा राहून टोपी हलवत थव्यांना हाकलू लागला. म्हातारा माणूस, तोंडात दात नाहीत, पहाटे किनाऱ्यावर उड्या मारतोय. थवे बिचकून पुढं जायचे. कर्नल मात्र हलायचा नाही. टोपीची त्याला ओळख होती.

एकदा कर्नल आपण होऊन पिंजऱ्यात शिरला. मी हात लावलेला नाही, असा सेवेरीनोनं स्वतःशीच न्याय केला, पिंजरा होडीत घातला आणि दूरच्या खारफुटीच्या बेटावर नेऊन दार उघडलं. वल्ही मारून तो घरी पोचला तेव्हा सेनाइदा म्हणाली, "कुठं होतास? आम्ही जेवलो." कर्नल तिच्या मनगटावर बसून चोच पुसत होता.

एप्रिल सरला. थवे विरळ झाले, मग एकेकटे पक्षी, मग तेही नाहीत. शेवटच्या सकाळी माकारिओनं सापळे गुंडाळले. टोकावर कर्नल आणि सेवेरीनो दोघेच उरले. समुद्र सपाट होता, वारा दक्षिणेचा होता, जायला याहून चांगला दिवस मिळाला नसता.

"जा ना रे," सेवेरीनो म्हणाला. "जा बाबा. तुला काय कळतंय का, तिचा जीव अडकलाय तुझ्यात."

कर्नलनं मान तिरकी केली आणि गाऊ लागला. सेवेरीनोच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं ओल्या वाळूचा गोळा उचलून त्याच्यावर फेकला. नेम लागला नाही, पण पक्षी भेदरून पालापाचोळ्यात पडला, धडपडला आणि उडून सरळ घराकडे गेला. सेवेरीनो तिथंच वाळूत बसून रडला. आवाज करून रडला. ऐकायला कुणी नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं, वाळूचंसुद्धा. कर्नल तिच्या गळ्याशी, चादरीच्या घडीत बसला होता.

"तू माझ्यासाठी आयुष्य मागितलंस," सेनाइदा म्हणाली. बोलताना तिला मधेमधे थांबावं लागत होतं. "चांगलं केलंस. कोण मागतं आजकाल? पण जे द्यायला निघालास ते माझं होतं रे, म्हाताऱ्या. पिंजरा तुझा. पक्षी माझा."

सेवेरीनोला हे त्याआधी कधी सुचलंच नव्हतं. तो आ वासून बघत राहिला.

"मग आता?" त्यानं विचारलं.

"आता काय? बोलून बसलास," ती म्हणाली. "मातेला सांग, आम्ही दार उघडं ठेवलंय. न्यायचा तर ने."

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी ओदालिस उजाडता उजाडता गाडी घेऊन आली. हॉस्पिटलात सोबतीला एकच माणूस, ती स्वतः राहणार होती. बापाला नेलं तर तो भिंतीला टेकून रडणार आणि त्यालाच सांभाळावं लागणार, हे तिला माहीत होतं. "पापा, तुम्ही कोंबड्या बघा," ती म्हणाली. गाडीत बसल्यावर सेनाइदानं काच खाली केली.

"कर्नलला खरवड घाल. विसरू नकोस."

"बरं."

"आणि दात घाल."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. सेवेरीनो घरात आला आणि त्या दिवशी त्यानं भात केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पावाचे तुकडे कॉफीत बुडवून खाल्ले. भात झाला की खरवड आली, खरवड खरडली की हा जाणार नाही, आणि हा गेला नाही तर तिथं ऑपरेशनच्या टेबलावर झोपणाऱ्या बाईचं काय होईल? तिनं जाता जाता एकच गोष्ट सांगितली होती आणि ती तो मुद्दाम करत नव्हता. तिच्याचसाठी करत नव्हता. कर्नल दुपारी यायचा, पलंगाच्या कठड्यावर बसायचा, रिकाम्या उशीकडे बघायचा. पहिल्या दिवशी गायला. दुसऱ्या दिवशी गप्प बसला. सेवेरीनोनं पाठ फिरवली.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे कर्नल नव्हता. सेवेरीनोनं अंगण पाहिलं, पिंजऱ्याचं छत पाहिलं, लंगडत टोकावर गेला, झुडूप न् झुडूप पाहिलं. वरच्या फांदीवर कुणी नव्हतं. तो गुडघे वाकत नसताना गुडघ्यांवर बसला. फिटलं, तो म्हणाला, फिटलं गं माते, फिटलं. धावतपळत घरी आला आणि दारातूनच सवयीनं ओरडला, "गेली बरं का पोरं!"

आत कुणी नव्हतं. पलंग रिकामा, कठडा रिकामा, ओट्यावर पातेलं कोरडं ठणठणीत. मग सेवेरीनोच्या मनात आलं: इतके दिवस हाकलून गेला नाही तो आजच का गेला? ती घरात नाही म्हणून गेला. ती आता येणार नाही, हे त्याला कळलं म्हणून तर नाही ना गेला? ज्याच्या जाण्यासाठी त्यानं महिनाभर देव पाण्यात घातले होते, तो आता परत दिसावा म्हणून तो अंगणात जाऊन आभाळाकडे बघत राहिला. दुपार झाली. कोंबड्यांना दाणे घालायचे राहून गेले.

फोन आमच्या आळीत माकारिओकडे आहे. संध्याकाळी माकारिओ कुंपणावरूनच ओरडला, "कोंपाय! ओदालिसचा फोन! झालं, नीट झालं! झडप बसली!" सेवेरीनोला रडू आलं नाही, हसू आलं नाही. तो कुंपणाचा खांब धरून उभा राहिला आणि माकारिओच्या बायकोनं त्याला साखरपाणी पाजलं.

मधे दोन दिवस गेले आणि सेनाइदा स्वतः फोनवर आली. आवाज लांबून, कागदासारखा पातळ.

"म्हाताऱ्या. दात घातलेस?"

"घातलेत," तो म्हणाला. ते ग्लासात होते.

"कर्नल खातोय?"

सेवेरीनोनं माकारिओकडे पाहिलं. माकारिओ चपलेच्या अंगठ्याकडे बघू लागला.

"खातोय."

"खरवड?"

"रोज."

"इथं खिडकीबाहेर नुसत्या गाड्या," ती म्हणाली. "झोप येत नाही. सारखं वाटतं, तो गातोय. उद्या सकाळी पिंजरा घेऊन ये फोनपाशी. ऐकव मला जरा."

"बरं," सेवेरीनो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पहाटे उठून त्यानं भात लावला आणि मुद्दाम करपू दिला. पातेलं आणि चमचा घेऊन टोकावर गेला, त्याच झुडपाखाली बसला आणि खरडू लागला. खर्र खर्र. समुद्राकडे तोंड करून, उत्तरेकडे, जिकडे सगळे गेले होते. हात भरून आला की थांबायचा, कान द्यायचा, पुन्हा खरडायचा. पूर्वेला उजेड फुटला. माकारिओ सापळ्याचा पिंजरा घेऊन आला आणि शेजारी टेकला.

"कशाला आणलास?" सेवेरीनो म्हणाला. "मे महिन्यात?"

"पीससुद्धा सापडायचं नाही," माकारिओ म्हणाला आणि सापळा झुडपाला टांगला.

दोघे बसून राहिले. झुडपांत वारा होता. एक बगळा मिठागरावरून गेला, तेवढाच. पातेल्याच्या बुडाला आता खरवड उरली नव्हती, चमचा नुसता पत्र्यावर घासत होता, तरी सेवेरीनो थांबेना. शेवटी माकारिओनं त्याच्या हातातून चमचा काढून घेतला.

"चल. फोनची वेळ झाली."

"काय सांगू तिला?"

माकारिओनं पातेलं उचलून काखेत धरलं. त्यानं वाटेत सेवेरीनोच्या घरून रिकामा पिंजरा उचलला. का उचलला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

फोन वाजला. माकारिओनं रेडिओ बंद केला आणि बायकोला हातानं गप्प केलं.

"आणलास?" सेनाइदानं विचारलं.

"हो. इथंच आहे, टेबलावर."

"धर मग त्याच्यापाशी."

सेवेरीनोनं रिसीव्हर पिंजऱ्याजवळ नेला. आत दांडी होती, वाटीत जुने दाणे होते. तो वाट पाहत राहिला, जसा काही अजूनही कुणीतरी गाणार होतं. मग त्यानं ओठ ओले केले, डोळे मिटले आणि शीळ घातली. कर्नलचं गाणं, सुरुवातीच्या त्या घाईच्या ताना, मधली वळणं, शेवटचा उंच गेलेला सूर. सूर ओठांतून निसटत होता, हवा फुसफुसत होती, थुंकी उडत होती. माकारिओ पुढं झाला आणि बोटाच्या नखानं पिंजऱ्याच्या दांडीवर टकटक करू लागला, पक्षी उड्या मारतो तशी. सेवेरीनोनं गाणं शेवटपर्यंत नेलं. मग पुन्हा पहिल्यापासून घेतलं, कारण थांबलं की बोलावं लागणार होतं.

दम संपला तेव्हा त्यानं रिसीव्हर हळूच कानाला लावला. पलीकडून तिचा श्वास येत होता, एका लयीत, न अडखळता, कितीतरी महिन्यांत त्यानं ऐकला नव्हता तसा.

"बरा गातोय," सेनाइदा म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "बरा आहे."

सेवेरीनोनं बाहीनं ओठ पुसले.

"उद्या पण ऐकव," ती म्हणाली. "आणि त्याला म्हणावं, कवळी घालून गा."